भट्टीवाल्याच्या घरी कच्चं ताट

३ फेब्रुवारी

यीस्टवाला दर वर्षी एक डायरी देऊन जातो आणि ती दर वर्षी बेकरीत कुठेतरी पिठाखाली गडप होते. या वेळची मी घरी आणली, कारण माझं बोलायचं माणूस बेकरीत यायचं बंद झालं आहे. लग्न झाल्यापासून मी भट्टीच्या तोंडाशी आणि बायको पुढे गल्ल्यावर. एक भट्टी उतरून दुसरी चढेपर्यंत आमच्या गप्पा. आता तेवढ्या वेळात मी भिंतीकडे बघतो किंवा आमच्या जुन्या कारागिराचं, उस्तादांचं, गुडघेपुराण ऐकतो.

तिला डिसेंबरात मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर दोनदा आली, दोन्ही वेळा अर्ध्यातून घरी गेली. आता उष्णता सोसत नाही म्हणते. खरं तर आमची भट्टी तिच्या नाकावर चालायची. गल्ल्यावर सुट्टे पैसे मोजता मोजता ती तिथूनच सांगायची, "उतरवा." उतरवलं की पाव नेमका त्या रंगाचा. उस्ताद तर नव्या माणसाला सांगायचे, आपल्याकडे घड्याळ नाही, वहिनी आहेत.

आज जेवायला बसलो तर तिने जाहीर केलं की यापुढे ती शिजवलेलं काही खाणार नाही. दूधदुभतंही नाही. फक्त झाडावरचं आणि जमिनीतलं, तेही कच्चं. मी म्हटलं, म्हणजे शेळीसारखं. ती हसली, पण गॅसची शेगडी पुसून कपड्याखाली झाकून ठेवली ती ठेवलीच. माझ्यासाठी वेगळं करायला नको, तू खाशील ते मी खाईन, असं मी मोठ्या तोऱ्यात बोलून बसलो आहे. यामागे माझ्या मेहुणीचा हात आहे. तिनेच परवा मिक्सरचं मोठं भांडं पाठवलं होतं.

५ फेब्रुवारी

पाला चघळायची तयारी ठेवून ताटावर बसलो आणि तोंडघशी पडलो.

काकडीच्या लांब पातळ फिती, सोलाण्याने काढलेल्या, रुमालासारख्या दुमडून ठेवलेल्या. वर भिजवलेल्या काजूंची वाटून केलेली दाट साय, लिंबू पिळलेली. शेजारी बीट, कागदासारखं कापून मिठात चोळून मुरवलेलं. फ्लॉवर किसून त्याचे तांदळाएवढे दाणे केले होते, त्यात कोथिंबीर, डाळिंब आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं आणि तिने भांडंच माझ्याकडे सरकवलं.

ही बाई गेली कित्येक वर्षं घाईघाईत खिचडी टाकून बेकरीत पळायची. हे हात कुठे होते इतके दिवस?

९ फेब्रुवारी

सकाळी परत आलो तेव्हा ती बदाम सोलत होती. रात्रभर भिजलेला बदाम चिमटीत दाबायचा, तो सालीतून टुणकन उडतो. एक माझ्या चष्म्यावर बसला. सोललेले बदाम पाण्यात वाटून मलमलच्या फडक्यातून पिळले, की दूध. उरलेला चोथा ती टाकत नाही. त्यात खजूर आणि किसलेलं सुकं खोबरं घालून वड्या थापते. आमच्या धंद्यात शिळ्या पावाचा चुरा वाया जाऊ देत नाही, त्याच जातीची ही नजर. बघून बरं वाटलं.

एकच गोष्ट खटकली. कॉफी मी बेकरीतच पिऊन यायची, घरात नाही. बरं, घरी कॉफी करायला शेगडी तरी कुठे उघडी आहे? पण मी थर्मासमधून आणली होती. तिने झाकण उघडायच्या आत थर्मास उचलून गॅलरीत नेऊन ठेवला. पंथ कडक दिसतो.

१४ फेब्रुवारी

तिने नवीन खेळ काढला आहे. जेवण करायच्या आधी एकेक जिन्नस माझ्या नाकाखाली धरते आणि विचारते, कसा वास येतो. आज लिंबाची साल होती.

मी म्हटलं, "आंबट."

"आंबट ही चव झाली. वास सांगा."

आता आली का पंचाईत. मी आयुष्यभर पीठ मळणारा माणूस. बराच वेळ हुंगून सांगितलं की आधी टोचतो, मग गार वाटतं, आणि मागून थोडा कडवट, नव्या रंगवलेल्या दारासारखा. ती डोळे मिटून ऐकत होती. मग तिने साल स्वतःच्या नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी विचारलं, पास की नापास? म्हणाली, पास, उद्या पुदिना.

माझी परीक्षा घेण्यात तिला मजा वाटते आहे. वाटू दे. या निमित्ताने का होईना, रोज एवढा वेळ माझं ऐकून घेते. आज जेवणात मिठाने मळलेला कोबी होता. हो, मळलेलाच. दोन्ही मुठींनी दाबत, उलटत, पुन्हा दाबत. कोबीला पाणी सुटून तो मऊ पडला. मी बघत होतो. मनगट कसं वापरायचं ते तिला कुणी शिकवलेलं नाही, मला बघून उचललं असणार. माझ्या उस्तादांना अजून ते पुरतं जमत नाही.

१७ फेब्रुवारी

आज लिहायला जड जातंय.

ती गेले काही दिवस पुढच्या खोलीत झोपते. मी पहाटेच उठतो, तिची झोपमोड होते, असं कारण. मी पहाटे उठतो ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. माझे कपडे वेगळे भिजवते, दोनदा धुते आणि गच्चीच्या पार त्या टोकाला वाळत घालते. मी शेजारी बसलो की काहीतरी आणायचं निमित्त करून उठते आणि परत येते ती समोरच्या खुर्चीवर. आज मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने श्वास रोखला. मला स्पष्ट कळलं. हात काढून घेतला.

कुठल्याही बाईला नवऱ्याचा कंटाळा येऊ शकतो, हे मला कळतं. पण मग ती माझ्या ताटात डाळिंबाचे दाणे एकेक निवडून का ठेवते? नको असलेल्या माणसासाठी कुणी टोमॅटो असे चार दिवस उन्हात उलटसुलट करत वाळवतं का? मला काही उलगडत नाही. ती मला सोडून मेहुणीकडे राहायला जाईल की काय, ही भीती आज पहिल्यांदा मनात आली. लिहून टाकली म्हणजे निघून जाईल असं वाटलं होतं. गेली नाही.

२२ फेब्रुवारी

मी हात दाखवून अवलक्षण केलं.

ती जवसाच्या पापड्या करते. जवस पाण्यात भिजवला की बुळबुळीत होतो आणि तोच चिकटा सगळं धरून ठेवतो, आमच्या मैद्याच्या ताणासारखा. त्यात किसलेलं गाजर, तीळ, मीठ घालायचं, कागदावर पातळ थापायचं आणि दोन दिवस उन्हात सुकवायचं. कडकन मोडणारी पापडी होते. भट्टीशिवाय इतकं कुरकुरीत काही होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

पण दोन दिवस आभाळ आलं होतं. पापड्या ओलसर राहिल्या आणि ती हिरमुसली. मला कल्पना सुचली. पहाटे सगळे कागद गुपचूप उचलून बेकरीत नेले आणि भट्टीच्या माथ्यावर पसरले. तिथे ऊब असते, आच नसते, आम्ही यीस्टचं पीठ तिथेच फुगायला ठेवतो. सकाळपर्यंत अशा खणखणीत वाळल्या की उस्तादांनी दोन मटकावल्या. डब्यात भरून नाचत घरी आणल्या आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. तोंडावर पदर दाबून ती मोरीकडे धावली. मी डबा घेऊन तसाच उभा.

बाहेर आल्यावर म्हणाली, त्या शिजल्या. ठरावीक गरमीच्या वर गेलं की कच्चं राहत नाही, नियम आहे. मी म्हटलं, अगं नियम मोडला म्हणून उलटी? ती डब्याला वळसा घालून गॅलरीत गेली. नियमाचं एवढं वेड मी कुठल्या साधूतही पाहिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

तिने पुन्हा जवस भिजवला. ऊन नाही तर नाही. पुढच्या खोलीत टेबलफॅन लावून, खुर्च्यांवर जाळी टाकून, तिच्यावर पापड्या मांडल्या आहेत. सकाळपासून दर थोड्या वेळाने उठून त्या उलटते आहे. काल कष्ट मातीत गेले म्हणून मला शब्दाने बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर आठवडाभर अबोला धरला असता. कितीही रुसलो तरी हे कबूल करायला हवं की अशी जिद्द मी पाहिलेली नाही. ती नुसतं जेवण करत नाही, एखादी वाट शोधत असल्यासारखी करते. कुठली ते मला कळत नाही.

खेळात आज आलं होतं. मी म्हटलं, ओल्या मातीत कुणी लिंबू पिळलं आणि वर ठिणगी टाकली, असा वास. ती म्हणाली, "हे फार चांगलं सांगितलंत," आणि तिचे डोळे भरून आले. आल्यानेच आले असतील.

१ मार्च

बेकरीची घडी विस्कटली आहे. पाव एक दिवस फिका, एक दिवस करपट. ठरलेली गिऱ्हाइकं वहिनी कुठे म्हणून विचारतात, म्हणजे पाव बिघडलाय हे सभ्यपणे सांगतात. त्यात सोमवारपासून वसतिगृहाची मोठी ऑर्डर सुरू होते आहे. पहिल्याच दिवशी माल बिघडला तर ऑर्डर गेली समजायची.

उस्ताद म्हणाले, वहिनींना एक दिवस आणा, भट्टीची नाडी पुन्हा सापडेल. मी घरी येऊन विचारलं. ती हातातली सुरी खाली ठेवून बराच वेळ बोटं पुसत राहिली. मग म्हणाली, येते.

मला एवढा आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती जागची हलली नाही, पण पुन्हा तेच, श्वास रोखलेला.

३ मार्च

ती आली. पदर नाकावर घट्ट बांधून, पीठ उडतं म्हणून. उस्तादांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. मी भट्टी भरली आणि पुढे वजनकाट्याकडे गेलो. ती भट्टीच्या तोंडाशी होती, मग मला वेळ बघायची गरज काय?

काही वेळाने मला करपल्याचा वास आला. एवढा की रस्त्यावरचा माणूस आत डोकावून गेला. धावत मागे गेलो. भट्टीतून धूर येत होता आणि ती तिथेच, हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभी. मला बघून विचारते, "झाला का?"

पाव कोळसा झाला होता. वसतिगृहाचा अर्धा माल गेला. उस्तादांनी मान खाली घातली. मला जे बोलायला नको होतं ते मी सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, तुला आता या घराचं काही पडलेलं नाही, ना भट्टीचं ना माझं. जायचं असेल तर सरळ सांगून जा, पण असा माल जाळू नकोस. ती पदर तसाच धरून बाहेर पडली.

उरलेलं काम कसंबसं उरकून दुपारी घरी आलो. ती पुढच्या खोलीत बसली होती. मी दारात चपला काढत होतो तेव्हा म्हणाली, "तिथेच थांबा. आत येऊ नका, मला आज बोलता आलं पाहिजे."

मी उंबऱ्याशीच बसलो. ती खिडकीशी.

ती म्हणाली, "तापात माझं नाक गेलं. आधी काहीच येत नव्हतं. मग यायला लागलं ते सगळं उलटं. भाजलेलं, तळलेलं, कॉफी, पाव, सगळ्याचा एकच वास येतो. उंदीर मेल्यासारखा. करपलेला पाव आणि चांगला पाव, मला दोन्ही सारखेच. आज मी तिथे उभी राहून नुसती उलटी आवरत होते."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस.

"तुमच्या अंगालाही तोच वास येतो," ती म्हणाली. "केसांना, हातांना, उशीला. ज्याचं सगळं आयुष्य पावाच्या वासात गेलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगू? की तुम्ही जवळ आलात की मला ओकारी येते?"

उंबऱ्यावर बसून मी माझे तळहात हुंगले. मला त्यांना गोड, भाजका, आपला वास आला. रडू फुटलं.

५ मार्च

ती मेहुणीबरोबर डॉक्टरांकडेही जाऊन आली होती. वासाच्या नसा तापात मेल्या, आता पुन्हा फुटताहेत, पण उलटसुलट जोडल्या जाताहेत. महिने लागतील, कदाचित वर्षं, कदाचित काही वास कधीच परत येणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की रोज एकेक वस्तू हुंगा आणि तिचा वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करा. तिला आठवत नव्हतं. म्हणून मला विचारायची. मी आपला परीक्षेत पास झालो म्हणून खूश.

कच्च्या गोष्टींना तो घाण वास येत नाही. काकडी, लिंबू, बदाम, कोबी. काहींना काहीच वास नाही, काहींना हलकासा, पण खरा. तापवलेल्या दुधाचं नुसतं नाव काढलं तरी ती नाकाला पदर लावते. पहिले काही आठवडे ती जवळजवळ उपाशी होती आणि मला वाटत होतं तब्येत तोळामासा झाली आहे तापामुळे. मग एके दिवशी तिने काकडी कापली आणि ती खाता आली. तिथून तिने एकटीने, कुणाला न सांगता, सगळा स्वयंपाक नव्याने उभा केला. नाक नसताना. नाकाने भट्टी चालवणाऱ्या बाईने मीठ जिभेने, कुरकुरीतपणा कानाने आणि ताजेपणा बोटांनी ओळखायला शिकून घेतलं. आणि मी त्याला मेहुणीचं खूळ म्हणत होतो.

तिला म्हटलं, तू माझ्यापेक्षा मोठी कारागीर आहेस. ती म्हणाली, तुम्ही आपले उंबऱ्याशीच बरे बोलता.

६ मार्च

सकाळी वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला भेटून हात जोडले. एक संधी दिली. मग उस्तादांना सांगितलं की रविवारपर्यंत भट्टी तुमची, भिंतीवर घड्याळ लावलं आहे, त्याच्याकडे बघा. मी येणार नाही. ते म्हणाले, मालक, लग्नातसुद्धा तुम्ही सुट्टी घेतली नव्हती. मी म्हटलं, म्हणून आता घेतो.

केस कापून आलो, अगदी बारीक. उशी, चादर, गादीचं कव्हर, सगळं बाहेर काढलं. तीनदा आंघोळ झाली.

८ मार्च

आता मी तिचा हाताखालचा माणूस आहे आणि ती कडक मालकीण आहे. बदाम पिळताना मी फडकं फाडलं. गाजराच्या फिती काढताना बोट कापलं. कोबी मात्र मी मळतो आणि त्यात माझा कुणी हात धरू शकत नाही, हे तिनेही मान्य केलं. वास सांगायचं कामही माझ्याकडेच आहे, पण आता मी ते जीव ओतून करतो. तुळशीवर पूर्ण सकाळ घालवली. लवंग आणि थंडी यांच्यामध्ये कुठेतरी, असं सांगितलं. ती म्हणाली, थंडी मला लागते, लवंग अजून नाही.

सोमवारनंतर काय करायचं तेही ठरवलं. आंघोळ आणि कपडे बेकरीतच, भट्टीवरून घरी येताना काही घेऊन यायचं नाही. आणि रोज ती खरं सांगणार, आज किती अंतरावर बसायचं. खोटं बोलून श्वास रोखायचा नाही, अशी मी अट घातली. तिने ती लगेच मान्य केली नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून मग मान्य केली.

९ मार्च, रविवार

दुपारी मी ओट्याशी कोबी मळत होतो. ती मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं मीठ बघायला आली असेल. मग तिचं नाक माझ्या मानेला टेकलं. मी हात थांबवले. तिने श्वास घेतला, रोखला नाही, आत घेतला, आणि पुन्हा एकदा घेतला.

मी न वळता विचारलं, "कसा येतो?"

"काहीच येत नाही," ती म्हणाली.

आयुष्यभर गिऱ्हाइकांनी, शेजाऱ्यांनी, रस्त्याने जाणाऱ्या परक्यांनी माझ्या पावाच्या वासाची तारीफ केली. त्यातलं एकही वाक्य मला इतकं गोड लागलं नव्हतं. मी कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात, डोळे पुसायचीही सोय नाही. तिने कपाळ माझ्या पाठीला टेकवलं आणि तशीच उभी राहिली. मी कोबी मळत राहिलो, आधीच मऊ झाला होता तरी.